काठावरचे

मतदानाच्या दिवशी आमच्या गावच्या शाळेपासून लांब, पोलिसांनी नेमून दिलेल्या अंतरावर एका लिंबाखाली आप्पांचं टेबल लागतं. आप्पा म्हणजे माझे चुलते. १९८० च्या निवडणुकीपासून ते त्याच जागी बसत आलेत. टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली विटकर. शेजारी पाण्याचा माठ. लोक चिठ्ठी न्यायला येतात, आप्पा यादीत नाव शोधतात, पट्टीनं रेघ मारतात आणि "जा, दुसऱ्या खोलीत हाय तुझं" म्हणतात. एवढ्या वर्षांत बदललं ते टेबलावरचं फडकं. आधी हात होता. मग चक्र आलं, मग कमळ, मग घड्याळ, परत कमळ, परत घड्याळ. २०२४ च्या मे महिन्यात तुतारी होती आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पुन्हा घड्याळ.

आमचे साहेब जिकडे गेले तिकडे आप्पा गेले. साहेबांचं नाव सांगत नाही. सांगून फार उपयोगही नाही, मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्यात असा एक साहेब असतोच. एकदा माझा पुण्याचा मित्र गावी आला होता. त्यानं भाबडेपणानं आप्पांना विचारलं, "काका, इतक्या वेळा पक्ष बदलला, काही वाटत नाही?" आप्पांनी तंबाखू मळायची थांबवली. म्हणाले, "मी कुठं बदललो बाबा? मी हितंच बसलोय. पक्षच हिंडायलेत."

मित्र हसला, मीही हसलो. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. निकालाच्या रात्री टीव्हीवर कुणीतरी 'मतदारांनी पाठ फिरवली' म्हणतो, तेव्हा मला आप्पांचं टेबल दिसतं. आप्पांचं म्हणणं अर्धं खरं आहे असं मला आता वाटतं. उरलेलं अर्धं त्यांच्याच पेटीत आहे.

ही पेटी पत्र्याची, घडवंचीखाली ठेवलेली. तिच्यात सातबारे आहेत, जुन्या पावत्या आहेत आणि मतदार याद्या. निवडणूक झाली की लोक यादी टाकून देतात, दुकानदार तिच्यात भजी बांधतात. आप्पांनी मात्र याद्या राखल्या. प्रत्येक नावापुढे शिसपेन्सिलीची खूण. बरोबरची खूण म्हणजे आपला, फुली म्हणजे त्यांचा, आणि गोल म्हणजे काठावरचा.

या खुणा ते कशावरून करतात? विचारून तर नक्कीच नाही. विचारलं की माणूस खोटं बोलतो, हा त्यांच्या शास्त्रातला पहिला नियम. ते बाकीचं बघतात. कुणाच्या उसाला कुणाच्या फोनवर वेळेत तोड मिळाली. सोसायटीचं कर्ज कुणाच्या शब्दावर नवं-जुनं झालं. पोराला संस्थेत शिपाई म्हणून कुणी चिकटवलं. बांधाचं भांडण कोर्टात न जाता कुणाच्या वाड्यावर मिटलं. मुकादमानं उचल कुणाकडून आणली. लेकीच्या लग्नात कोण पंगतीला बसलं आणि कोण नुसत्या अक्षता टाकून गेलं. या सगळ्याची बेरीज म्हणजे ती एक खूण. या बेरजेत पक्ष कुठेच नाही, हे लक्षात यायला मला बरीच वर्षं लागली. पक्ष म्हणजे साहेबाच्या जीपवरचा झेंडा. जीप महत्त्वाची, कारण रात्री-अपरात्री बाळंतिणीला तालुक्याला न्यायची तर तीच यायची.

आता हीच गोष्ट जिल्ह्याच्या मापानं बघा. आमच्या बीडचे खासदार एकाखाली एक लिहून काढले तर बाहेरच्या माणसाला वाटेल, इथले लोक नाणं उडवून मत देतात. १९६७ ला बीडनं कुणाला निवडून दिलं? क्रांतिसिंह नाना पाटलांना. साताऱ्याचा माणूस, प्रतिसरकार चालवलेला. बीडात ना भावकी ना सोयरीक. विळा-कणीस घेऊन उभा राहिला आणि थेट दिल्लीला गेला. आमचे आजोबा त्या निवडणुकीची गोष्ट फार रंगवून सांगायचे. त्यांनी रझाकारांचे दिवस बघितले होते, १९४८ च्या सप्टेंबरातली पोलीस ॲक्शन बघितली होती. कम्युनिझम म्हणजे काय हे त्यांना मरेपर्यंत कळलं नाही. ते म्हणायचे, "ज्यानं इंग्रजाला गावातून हाकललं, तो आपल्या सावकारालाबी हाकलील, असं वाटलं." सावकार काही हाकलला गेला नाही. पण आज 'बीडमध्ये जातीशिवाय पान हलत नाही' असं कुणी ठासून सांगितलं की मला हे १९६७ आठवतं. पान हललं होतं.

१९७१ ला काँग्रेस. १९७७ ला गंगाधरअप्पा बुरांडे, मार्क्सवादी. १९८० आणि १९८४ ला केशरकाकू क्षीरसागर, हाताच्या चिन्हावर. १९८९ ला पाथर्डीचे बबनराव ढाकणे जनता दलाचं चक्र घेऊन आले आणि जिंकले. १९९१ ला पुन्हा केशरकाकू. १९९६ ला रजनी पाटील कमळावर; याच रजनीताई पुढे काँग्रेसकडून राज्यसभेत. १९९८ आणि १९९९ ला जयसिंगराव गायकवाड कमळावर, आणि २००४ ला तेच जयसिंगराव घड्याळावर. मग गोपीनाथराव मुंडे दोनदा. ३ जून २०१४ ला ते गेले आणि त्या ऑक्टोबरातल्या पोटनिवडणुकीत त्यांची लेक प्रीतमताई जवळपास सात लाखांच्या फरकानं निवडून आल्या. त्या मताधिक्यात पक्ष किती आणि सुतक किती, हे कुठल्याही सर्व्हेवाल्याला सांगता येणार नाही. आमच्या गावात त्या दिवशी आप्पांच्या टेबलावर कुणी फिरकलंच नाही. आप्पाही दुपारी टेबल उचलून घरी आले. यादीतल्या खुणा त्यांनी त्या वेळी केल्याच नव्हत्या. "आज काय खूण करायची," म्हणाले.

जयसिंगरावांची तीन सालं परत वाचा. माणूस तोच, मतदारसंघ तोच, मतदारही बहुतेक तेच. हिंडलं कोण? इथपर्यंत आप्पांचं वाक्य बिनतोड आहे.

पण मतदारही हलले. ते मी स्वतः बघितलं.

मी आठवी-नववीत असताना आमच्याकडच्या गावागावांत शिवसेनेच्या शाखांचे फलक लागायला सुरुवात झाली. १९८८ ला औरंगाबाद महापालिकेत सेनेनं मुसंडी मारली आणि त्याचा आवाज पार आमच्या पारापर्यंत आला. पारावर बसणारी पोरं कोण होती? ज्यांना कारखान्यात, संस्थेत, बँकेत कुठंच जागा नव्हती ती. काँग्रेसच्या वाड्यांवर तिसऱ्या पिढीला खुर्च्या मिळत होत्या आणि ही पोरं बाहेर उभी होती. रझाकारांच्या आठवणी घराघरांत होत्याच, त्यांना फुंकर घालणारा कुणी तरी हवा होता. आणि नामांतर होतं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव केला, आणि त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. सेनेनं नामांतराला विरोध केला, आणि त्या विरोधाची मतं झाली, हे आडपडदा न ठेवता म्हणायला हवं. आमच्याकडे हा विषय निघाला की अजूनही माणसं 'ते जाऊ द्या' म्हणतात. जाऊ दिलं म्हणून ते गेलेलं नाही.

१४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला तेव्हा मी औरंगाबादला वसतिगृहात होतो. संक्रांत होती. खोलीत आम्ही तिघं. एक जण पहाटेच आंघोळ करून, पांढरा सदरा घालून विद्यापीठाच्या कमानीकडे गेला तो रात्री परत आला. दुसरा दिवसभर पांघरूण घेऊन पडून राहिला, ताप नसताना. मी दोघांच्या मधल्या कॉटवर होतो आणि घरून आलेले तिळाचे लाडू कुणाला आधी द्यावेत हे मला ठरवता येईना. काठावरचा म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. ते शहाणपण असतंच असं नाही. पुष्कळदा नुसती भीती असते.

वृत्तपत्रांचा लाडका शब्द 'बालेकिल्ला'. मराठवाड्यात हा शब्द जरा जपून वापरावा. आमच्याकडचा सगळ्यात अभेद्य किल्ला देवगिरी, आणि त्याची गोष्ट काय? वेढा पडला, गडावर धान्याच्या म्हणून नेलेल्या गोण्या सोडल्या, आणि आत मीठ निघालं. गोष्ट खरी असो नसो, आमच्या राजकारणाला ती चपखल बसते. लातूर काँग्रेसचा बालेकिल्ला, आणि १९९५ ला खुद्द विलासराव देशमुख लातुरात पडले. १९९९ ला त्याच लातूरनं त्यांना डोक्यावर घेतलं आणि ते मुख्यमंत्री झाले. शिवराज पाटील चाकूरकर १९८० पासून सलग सात वेळा लोकसभेत गेले, आठव्यांदा पडले. संभाजीनगर सेनेचं, असं म्हणता म्हणता २०१९ ला चंद्रकांत खैरेंचा इम्तियाज जलील यांनी ४,४९२ मतांनी पराभव केला, कारण ट्रॅक्टर चिन्हावरच्या हर्षवर्धन जाधवांनी पावणेतीन लाखांवर मतं ओढली. जालन्याचे रावसाहेब दानवे पाच वेळा खासदार. २०२४ ला तेही गेले. प्रत्येक गोणीत धान्य आहे असं वरून वाटत होतं.

नांदेडची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे. २०१४ च्या मोदी लाटेत महाराष्ट्रात काँग्रेसचे दोनच खासदार आले, नांदेड आणि हिंगोली. २०१९ ला नांदेडमध्ये अशोकराव चव्हाण पडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते भाजपमध्ये गेले. म्हणजे ज्या वाड्यावर काँग्रेस राहत होती तो वाडाच उठून पलीकडे गेला. आणि त्याच मे-जूनमध्ये नांदेडनं काँग्रेसचा खासदार निवडून दिला, वसंतराव चव्हाण. ऑगस्टमध्ये ते वारले. पोटनिवडणूक विधानसभेबरोबरच, २० नोव्हेंबरला. एकाच दिवशी, एकाच केंद्रावर, तेच मतदार. त्यांनी लोकसभेला काँग्रेसचे रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी निवडून दिले आणि त्याच मतदारसंघातल्या सहाच्या सहा विधानसभा महायुतीला दिल्या. दोन यंत्रं शेजारी शेजारी ठेवलेली, आणि बोट एकावर इकडे, एकावर तिकडे. आता याला निष्ठा म्हणा, बेइमानी म्हणा, हिशेब म्हणा. आप्पांना मी हे सांगितलं तर ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजी एका नावापुढं दोन खुणा कराव्या लागतील." त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. पेन्सिलीच्या कारागिरालाच कळेल असं ते दुःख.

२०२४ चा मे महिना. आमच्याकडे १३ तारखेला मतदान. त्याच्या आधीच्या सप्टेंबरात अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी बसलेल्या उपोषणकर्त्यांवर लाठीमार झाला होता आणि मनोज जरांगे हे नाव घरोघर पोचलं होतं. निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला माणसं तहसीलला रांगा लावत होती. ओबीसी वस्त्यांतून वेगळी धास्ती होती: आपल्या ताटातलं जाणार. दोन्हीकडे पोरं शिकून बसलेली, दोन्हीकडे सोयाबीनला भाव नाही, दोन्हीकडचे आईबाप दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या फडात जाणारे. तरी एकमेकांकडे बघायचे डोळे बदलले.

आप्पांच्या शेजारी चाळीस वर्षं आणखी एक टेबल लागायचं. तिथं नाना बसायचे. नाना वंजारी, आम्ही मराठा. दोघं सतत वेगवेगळ्या साहेबांचे, म्हणून कायम विरोधात. पण माठ एकच. दुपारी नानांच्या घरून भाकरी आणि ठेचा यायचा, आमच्या घरून वांग्याचं भरीत, आणि दोन्ही टेबलांच्या मधे पेपर अंथरून दोघं जेवायचे. जेवताना एकमेकांच्या याद्यांवर हात ठेवलेला, खुणा दिसू नयेत म्हणून. त्या मे महिन्यात नानांचं टेबल रस्त्याच्या पलीकडे, बाभळीखाली लागलं. बाभळीला काय सावली असते? भर उन्हात नाना डोक्यावर टॉवेल टाकून बसले होते. मी मतदान करून येताना दोन्ही टेबलांपाशी थांबलो. नानांनी मला "कधी आलास?" एवढंच विचारलं. आप्पा म्हणाले, "मी त्याला बोलावलं होतं रे. त्याचे पोरं नको म्हणले." पलीकडे नानाही बहुतेक हेच सांगत असतील.

४ जूनला रात्री उशिरापर्यंत बीडची मोजणी चालली. कधी कमळाच्या पंकजाताई मुंडे पुढे, कधी तुतारीचे बजरंग सोनवणे. वीस लाखांहून जास्त मतदारांच्या मतदारसंघात सोनवणे ६,५५३ मतांनी आले. तुतारीवाल्या माणसाशी मिळतंजुळतं चिन्ह मिळालेल्या एका अपक्षानं पन्नास हजारांवर मतं घेतली होती. आमच्या गावातल्या काही म्हाताऱ्यांना आपण नेमकं कुठलं बटण दाबलं याची खात्री अजून नाही. त्या म्हणतात, "शिक्का तर बरोबर मारला." शिक्के जाऊन वीस वर्षं झाली.

निकालानंतर काही दिवस चहा कुठल्या हॉटेलात प्यायचा, दाढी कुणाकडे करायची यावरून माणसं पावलं मोजून टाकत होती. हे लिहिताना बरं वाटत नाही. मराठवाड्यातल्या लोकसभेच्या आठ मतदारसंघांपैकी सात महाविकास आघाडीकडे गेले होते, आणि पुण्या-मुंबईचे विश्लेषक 'मराठवाड्याचा कौल' म्हणत होते. पारावर कौल वगैरे काही नव्हतं. पारावर दोन गट होते आणि मधे रिकामी जागा.

सहा महिन्यांत त्याच मराठवाड्यानं विधानसभेच्या ४६ पैकी ४० जागा महायुतीला दिल्या. या उलथापालथीची कारणं सांगणारे खूप झाले. कुणी म्हणतं लाडक्या बहिणीचे दीड हजार, कुणी म्हणतं ओबीसींची शांत एकजूट, कुणी म्हणतं जरांगेंनी उमेदवार दिले नाहीत म्हणून, कुणी यंत्रालाच दोष देतं. मला यातलं एकच कारण उचलून बाकीची खाली ठेवता येत नाही. साहेब पुन्हा घड्याळाकडे गेले होते हेही खरं, आणि मे महिन्यात जो राग मनात होता तो साहेबावर नव्हताच हेही खरं. लोकांनी मे महिन्यात राग काढला आणि नोव्हेंबरात तोडीची चिठ्ठी सांभाळली. फडात गेलेल्या टोळ्या मतदानाला आणण्यासाठी गाड्या पाठवल्या गेल्या, आणि गाडी पाठवणाऱ्याला माणूस नाही म्हणत नाही.

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा मी आप्पांना पेटी उघडायला लावली. आम्ही ओसरीवर याद्या पसरल्या. पिवळ्या पडलेल्या जुन्या याद्यांत काठावरचे बोटांवर मोजण्याइतके: गावातला वैद्य, एक निवृत्त मास्तर, दोघं-तिघं आप्पांच्या मते 'डोक्यानं सरकलेले'. एकेका घराला महिरपी कंस आणि कंसाबाहेर एकच खूण. घर म्हणजे एक मत, माणसं कितीही असोत. पुढच्या याद्यांत गोल वाढत जातात. कंस तुटायला लागतात. बापाला बरोबरची खूण, पुण्यात कंपनीत लागलेल्या पोराला फुली. एका घरात तीन भाऊ, तीन खुणा. नोव्हेंबर २०२४ च्या यादीत तर खोडून खोडून कागदाला भोकं पडलीत. गोलच गोल. आप्पांनी चष्मा काढून डोळे पुसले. "पूर्वी दुपारी दोनला निकाल सांगायचो मी. आता सांजच्याला बी सांगता येईना."

नानांचं नाव मी शोधलं. आयुष्यभर त्यांच्यापुढे फुली असणार हे उघड होतं, आणि होतीही. अगदी हलकी, मारल्यासारखी न मारल्यासारखी.

मग मी आमचं घर काढलं. २०१९ पर्यंत आमच्या सहा जणांभोवती कंस आणि बाहेर बरोबरची एकच ठसठशीत खूण. नोव्हेंबर २०२४ च्या यादीत कंस नव्हता. आप्पांच्या स्वतःच्या नावापुढे बरोबर, मधल्या भावापुढे बरोबर, माझ्यापुढे गोल (तो अपेक्षित होता), आणि काकूंच्या नावापुढेही गोल. एकदा खोडलेला आणि परत काढलेला.

काकू म्हणजे आप्पांची बायको. त्यांचं बँकेत स्वतःचं खातं त्या वर्षीच पहिल्यांदा उघडलं होतं. तोवर त्या मतदानाला आप्पांनी दिलेली चिठ्ठी घेऊन जायच्या आणि घरी आल्यावर "मारला बगा शिक्का" असं न विचारता सांगायच्या. नोव्हेंबरात त्या शेजारणीबरोबर गेल्या, आल्या, आणि सरळ पिठाच्या गिरणीत गेल्या.

मी त्या गोलावर बोट ठेवलं. "आप्पा, हे कशावरून?"

आप्पांनी आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग यादी माझ्या हातातून घेतली आणि घडीवर घडी घालायला लागले.

"आन् विचारलं न्हाई तुम्ही?"

"विचारायचं नसतंय," आप्पा म्हणाले. "ठाऊक हाय की तुला."